वाचन कानांनी तपासावं लागतं

तिसरीतल्या मुलीच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर मोठ्या टायपात चार छोटी वाक्यं असतात, पहिलीच्या पुस्तकात शोभतील इतकी सोपी. तिला म्हणायचं, ‘हे मोठ्यानं वाचून दाखव बरं.’ आणि मग आपण गप्प बसायचं. मध्येच शब्द पुरवायचा नाही, घाई करायची नाही. ती वाक्य सलग वाचते की शब्द तोडून वाचते, कुठे थबकते, थबकल्यावर मागे जाते की तसंच पुढे ढकलते, हे फक्त ऐकायचं. चुका तीनपेक्षा जास्त झाल्या नाहीत तर तिला दुसरीच्या पातळीची मोठी गोष्ट द्यायची. चार वाक्यांचा परिच्छेदच जमला नाही तर सुटे शब्द दाखवायचे. पाचांतले चार यायला हवेत. तेही जमले नाहीत तर सुटी अक्षरं. शेवटी तिच्या नावापुढे पाचांपैकी एकच नोंद होते: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद किंवा गोष्ट. सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम.

‘असर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पाहणीचा हा कागद २००५ पासून देशभर फिरतो आहे. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेतून ही पाहणी उभी राहिली. तिची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पाहणी शाळेत होत नाही, घरी होते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं निवडायची, प्रत्येक गावातली २० घरं निवडायची आणि त्या घरांतल्या मुलांना ओसरीवर बसवून वाचायला लावायचं. कारण शाळेत तपासणी केली तर त्या दिवशी हजर असलेलीच मुलं मोजली जातात. वाचनात जी सर्वांत मागे आहेत, तीच बहुतेक वेळा गैरहजर असतात. २०२४ च्या फेरीत ६०५ जिल्ह्यांतल्या १७,९९७ गावांत मिळून ६,४९,४९१ मुलांपर्यंत कार्यकर्ते पोचले.

त्यातून जे हाती आलं ते एका आकड्यात सांगतो. सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं देशात २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के. महाराष्ट्र या सरासरीच्या पुढे आहे, पण २०२२ ची घसरण महाराष्ट्रालाही चुकली नाही. शेवटचा आकडा सर्वांत चांगला आहे, त्याचं स्वागत झालं आणि व्हायलाच हवं होतं. तरी त्याचा अर्थ असा, की चार मुलांतल्या तिघांच्या हातात वर्षभर जी पुस्तकं असतात ती त्यांना वाचता येत नाहीत. परिसर अभ्यासाचा धडा, गणितातलं शाब्दिक उदाहरण, सगळं त्या एका अडथळ्यापाशी येऊन थांबतं.

हा अडथळा इतकी वर्षं शाळेला दिसला कसा नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर लेखी परीक्षेत आहे. फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेणारं, प्रश्नोत्तरं पाठ करून लिहिणारं मूल लेखी परीक्षेत पास होतं. वर्गात ‘वाच’ म्हटलं तर ते धड्यावर बोट ठेवून घडाघडा बोलतं, आणि बोटही बरोबर सरकत असतं. धडा शंभरदा ऐकून तोंडपाठ झालेला असतो. अशा वेळी अनुभवी शिक्षक एक साधी गोष्ट करतात. पान तळहातानं झाकतात आणि बोटांच्या फटीतून मधलाच एखादा शब्द दाखवतात. किंवा त्याच धड्यातले शब्द घेऊन फळ्यावर नवं वाक्य लिहितात. वाचणारं मूल ते वाचतं. पाठ केलेलं मूल शिक्षकांच्या तोंडाकडे पाहतं. म्हणून तपासणीचा मजकूर मुलानं आधी न पाहिलेला असावा, हा या कामातला पहिला नियम आहे.

आता हा कागद घेऊन यवतमाळ जिल्ह्यात जाऊ. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आणि साक्षरता ८२.८ टक्के नोंदली गेली. जनगणनेत साक्षरता विचारून लिहितात. कुणाला वाचायला लावत नाहीत. त्यामुळे त्या ८२.८ मध्ये गोष्ट वाचणारा किती आणि जेमतेम सही करणारा किती, हे सांगता येत नाही. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. नेर, दारव्हा, बाभूळगावकडे वऱ्हाडी बोलली जाते. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या भागांत गोंडांची गावं आणि कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. वणी-झरीकडे तेलंगणाची सीमा लागते, तिथे तेलुगूही कानावर येते. अनुसूचित जमातींची लोकसंख्या साडेअठरा टक्के. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात, त्यांतली एक कोलाम. बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड. म्हणजे तिसरीचं ‘बालभारती’ एकच, पण ते उघडणारी मुलं घरून पाच-सहा वेगवेगळ्या बोली घेऊन येतात. वाचन तपासायचं म्हणजे काय, हा प्रश्न इथे फार बारकाईनं सोडवावा लागतो.

समजा, कागदावर एक वाक्य आहे: ‘मला बैलगाडीत बसायला आवडते.’ तीन मुलं ते वाचतात. पहिला मुलगा वाचतो, ‘मले बैलगाडीत बसाले आवडते.’ दुसरी मुलगी वाचते, ‘मला बैलगाडीत बनायला आवडते.’ तिसरा मुलगा वाचतो, ‘म-ला, बै-ल-गा-डी-त, ब-सा-य-ला, आ-व-ड-ते,’ एकेका अक्षरावर बोट ठेवून, एकही अक्षर न चुकता. चुकांचा हिशेब मांडला तर पहिल्याच्या दोन, दुसरीची एक, तिसऱ्याची शून्य. नोंदवहीत तिसरा सर्वांत पुढे आणि पहिला सर्वांत मागे जाईल.

प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पहिल्यानं वाक्य वाचलं, समजून घेतलं आणि आपल्या घरच्या बोलीत सांगितलं. ‘मला’ हा छापील शब्द पाहून त्याच्या तोंडून ‘मले’ आलं, कारण त्याला अर्थ लागला होता. अर्थ न लागलेलं मूल ‘मला’ हे जसंच्या तसं म्हणतं. याच मुलानं ‘शाळेत’ या शब्दाला ‘शायेत’ म्हटलं, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हटलं तरी ती वाचनातली चूक धरू नये. ळ ओळखता येतो की नाही हे पाहायचं असेल तर सुटं अक्षर दाखवून पाहता येतं. दुसऱ्या मुलीची एकच चूक आहे, पण ती खरी चूक आहे. शब्दाचं पहिलं अक्षर पाहून तिनं बाकीचा अंदाज बांधला, अंदाज वाक्यात बसत नाही हे तिच्या लक्षात आलं नाही, ती पुढे गेली. तिसऱ्याला वाचून झाल्यावर विचारा, ‘कशात बसायला आवडतं?’ तो गप्प राहील. त्याची सगळी शक्ती अक्षरं उलगडण्यात संपली. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून गेली.

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६० च्या दशकात मुलांचं वाचन ऐकताना नोंद करायची एक पद्धत बसवली. बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दासाठी एक खूण करायची, आणि चुकलेल्या शब्दाच्या जागी मूल नेमकं काय म्हणालं ते तसंच लिहून ठेवायचं. चूक मोजायची नाही, वाचायची. ‘बसायला’च्या जागी ‘बनायला’ लिहिलेलं दिसलं की शिक्षकाला उद्याचं काम कळतं. फक्त ‘१ चूक’ असं लिहिलेलं असेल तर काहीच कळत नाही. आपल्याकडच्या तपासणी तक्त्यांत मुलाचं नाव आणि स्तर यांच्यापुढे ‘मूल काय म्हणालं’ असा एक मोकळा रकाना असावा, असं मला मनापासून वाटतं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर तो रकाना स्तराच्या रकान्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

कोलाम पोडावरच्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, त्याला सत्तर वर्षं झाली. कोलामीत पाण्याला ‘ईर’ म्हणतात, घराला ‘एल्ला’. पहिलीत आलेल्या मुलासमोर घराचं चित्र आणि खाली ‘घर’ असा शब्द ठेवला, की मराठी घरातल्या मुलाला चित्रातून शब्द मिळतो आणि शब्दातून घ आणि र मिळतात. कोलाम मुलाला चित्रातून ‘एल्ला’ मिळतं. त्याच्यापुढे मग दोन कामं एकाच वेळी येतात: अक्षर शिकायचं आणि ज्या भाषेत ते अक्षर आहे ती भाषाही शिकायची. बंजारा मुलाचं तेवढं अडत नाही, गोरबोली मराठीच्याच कुळातली आहे. पण गोंडी आणि कोलामी मुलांसाठी अंतर मोठं आहे.

यावर १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी मांडलेलं एक सूत्र उपयोगी पडतं. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे ध्यानात घ्यावं. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला गोष्ट ऐकवली तर पूर्ण कळते, पण अक्षरं येत नाहीत. त्याला अक्षरांचं काम द्यावं लागेल. कोलाम मूल चौथीपर्यंत अक्षरं शिकून परिच्छेद खणखणीत वाचतं, पण ऐकवलेली गोष्टही त्याला नीट कळत नाही. त्याला अक्षरांचा आणखी सराव देऊन काही उपयोग नाही. त्याच्याशी मराठीत भरपूर बोलायला हवं, गोष्टी सांगायला हव्यात आणि त्याची कोलामी वर्गात चालायला हवी. असरचा कागद या दोघांना वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवील, पण का अडलं ते सांगणार नाही. त्यासाठी शिक्षकाला अजून दोन मिनिटं खर्च करावी लागतात: मुलाला एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि त्यावर दोन-तीन प्रश्न विचारायचे, उत्तर कोणत्याही बोलीत चालेल असं सांगून. उत्तर समजायला शिक्षकाला ती बोली थोडी तरी यायला हवी. नसेल येत तर वरच्या वर्गातलं पोडावरचंच एखादं मूल किंवा अंगणवाडीची मदतनीस शेजारी बसवता येते.

आता अक्षरांचं पाहू, कारण बहुसंख्य मुलं तिथेच अडतात. मराठी लिपी नियमानं चालणारी आहे, इंग्रजीसारखी स्पेलिंगं पाठ करावी लागत नाहीत, म्हणून मराठी वाचन सोपं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. पस्तीसेक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी (२००९ च्या शासन निर्णयानं अॅ आणि ऑ वर्णमालेत आल्यापासून चौदाखडी), म्हणजे चारशे-पाचशे अक्षरचिन्हं; त्यावर जोडाक्षरं, रफार, अनुस्वार. ‘चमचा’तला च निराळा आणि ‘चंद्र’मधला निराळा. ‘घर’ लिहितो तेव्हा र पूर्ण असतो, म्हणताना तो अर्धाच राहतो. हे कुणी मुलाला सांगत नाही, ऐकून ऐकून त्याला समजावं लागतं. म्हणून सुरुवातीचं मूल ‘घ… र…’ असं दोन पूर्ण आवाजांत म्हणतं आणि त्यातून ‘घर’ हा शब्द त्याच्या कानाला लागायला वेळ लागतो. कन्नड मुलांवर काम करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवलं आहे, की अशा लिप्यांत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो. तेव्हा दुसरीतलं मूल ‘भ’ आणि ‘म’मध्ये किंवा ‘कै’ आणि ‘कौ’मध्ये गोंधळत असेल तर ते मंद नाही.

पण शिकवण्याची आपली पारंपरिक पद्धत हा वेळ उगाच वाढवते. आधी अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्यं. तोवर वर्ष-दीड वर्ष जातं आणि मुलाच्या हाती ‘कमळ’, ‘गवत’, ‘बदक’ याखेरीज वाचण्यासारखं काही येत नाही, कारण काना-मात्रा अजून ‘शिकवायच्या’ असतात. २०१३ ते २०१६ या काळात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांच्या वाचनाचा तीन वर्षं माग काढला. तिसरीपर्यंत येऊनही अनेक मुलांची अक्षरं पक्की झालेली नव्हती आणि वर्गात अर्थ समजून घेण्याच्या कामाला फारच थोडी जागा होती, हे त्यातून पुढे आलं. वाड्यातलं काम निलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेच्या सोबतीनं झालं.

याला पर्याय महाराष्ट्रातच तयार झाला आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून शिकवायची रीत रुजवली. चार-पाच व्यंजनं आणि त्यांच्याबरोबर लगेच एक-दोन मात्रा. उदाहरणार्थ म, क, ल, न आणि काना एवढं शिकवलं, की मूल ‘नाक’, ‘कान’, ‘मामा’, ‘काका’, ‘लाल’, ‘माकला काल नाक’ असलं काहीतरी गमतीचंही वाचायला लागतं. पहिल्याच महिन्यात त्याला वाक्य वाचल्याचा आनंद मिळतो. २०१५ नंतर राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांनी ही गटवार पद्धत उचलली, आणि मला ती मराठीसाठी सर्वांत योग्य वाटते. कापूस वेचणीच्या पट्ट्यात तिचा एक वेगळा फायदा आहे. विदर्भात शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो, घरातली मोठी माणसं शेतात जातात, धाकट्या भावंडाला सांभाळायला किंवा वेचायला मुलं घरी राहतात. वर्णमालेच्या क्रमानं शिकवत असाल तर अशी गैरहजेरी मुलाला ‘प’ पाशीच सोडून देते. गटवार शिकलेलं मूल परत येतं तेव्हा त्याच्याकडे निदान दोन-तीन गट पूर्ण असतात आणि त्या गटांतलं वाचन त्याला करता येतं.

वेगाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण अलीकडे शाळांत मोबाइलवरचं घड्याळ लावून वाचन घेतलं जातं. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत पायाभूत वाचन आणि गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, अर्थासह, असा मापदंड आहे. वेग पाहण्यामागचं कारण चांगलं आहे: फार सावकाश वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही, तिसऱ्या मुलाचं उदाहरण वर आलंच आहे. पण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द, हिंदीत त्याचे तीन-चार होतात. एकच आकडा सगळ्या भाषांना लावणं म्हणून बरोबर नाही. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची एकेकट्यानं तपासणी केली, तेव्हा वीस भाषांसाठी वाचनवेगाचे निकष वेगवेगळे ठरवले. शाळेत मिनिटाचे शब्द मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि मुलाला शर्यत लावू नये. घाईनं वाचायला शिकलेलं मूल पूर्णविरामावर थांबत नाही.

तपासणीचा निकाल वर पाठवायचा असतो, इथून खरी अडचण सुरू होते. महाराष्ट्रानं २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू केलं, पायाभूत चाचण्या घेतल्या, शाळांना ‘प्रगत’ म्हणून घोषित करायला प्रोत्साहन दिलं. त्या काळात कितीतरी शिक्षकांनी झपाटून काम केलं. सातारच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. पण शंभर टक्के प्रगत असा शेरा मिळवायचा असला की न वाचणाऱ्या मुलाला वाचणाऱ्यांत धरण्याचा दबाव येतो. केंद्रप्रमुखाकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून जिल्ह्याला आणि पुण्याला जाणारा आकडा चढाच लागतो. मध्य प्रदेशात अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी शाळेतल्या सरकारी चाचणीचे गुण स्वतंत्र फेरतपासणीशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंत मोठी तफावत निघाली. जी मुलं फेरतपासणीत मागे पडली त्यांचे गुण सरकारी चाचणीत फुगलेले होते. असं झालं की सर्वांत मोठं नुकसान त्या मुलाचंच होतं. ‘गोष्ट’ या रकान्यात खूण झालेल्या मुलाकडे पुढच्या वर्षी नवा शिक्षक लक्ष देणार नाही.

म्हणून माझं मत असं, की वाचन तपासणीचा निकाल सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वर्गशिक्षकाचा असावा. त्यावर शाळेला बक्षीस नको, नोटीसही नको. वर जिल्ह्याला चित्र हवं असेल तर थोड्या शाळांत बाहेरच्या माणसांकडून नमुना तपासणी करून ते मिळतं. प्रत्येक मुलाचा स्तर दर महिन्याला ऑनलाइन भरत बसण्याची गरज नाही. भरण्यात गेलेला वेळ शिकवण्यातून वजा होतो.

तपासून झाल्यावर काय करायचं, याचं उत्तरही बऱ्यापैकी हाती आहे. ‘प्रथम’नं मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ नेमल्या होत्या. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. सर्वांत मागच्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. पुढे उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. गावात नुसत्या सभा घेऊन शाळेची माहिती दिली तर मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. गावातल्या स्वयंसेवकांनी वाचन शिबिरं घेतली तिथे पडला, पण ज्यांना गरज होती त्यांतली थोडीच मुलं शिबिराला आली. नंतर हरियाणात सरकारी शाळेच्या वेळेतच रोज एक तास स्तरानुसार गट करून शिक्षकांनी शिकवलं, तेव्हा वाचन सुधारलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच क्षेत्रीय प्रयोगांची पुण्याई होती. यातून शाळेसाठी धडा सरळ आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना दिवसातला एक तास इयत्ता विसरून वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायचं. अक्षरांचा गट, शब्दांचा गट, परिच्छेदाचा गट. आणि हे शाळेच्या वेळेत व्हायला हवं, सुटल्यावर नव्हे.

पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत हे उलट सोपं आहे, कारण तिथे पहिली ते चौथी एका खोलीत असतेच. एका गटाबरोबर शिक्षक बसले असताना परिच्छेदाचा गट गोष्टीची पुस्तकं वाचेल आणि वीस मिनिटांनी गट बदलतील. गोष्टीची पुस्तकं मात्र हवीत, आणि ती कपाटात कुलूपबंद नकोत. ‘प्रथम बुक्स’नं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात, छापून घ्यायलाही परवानगी आहे. कोलामी किंवा गोंडी गोष्टी पोडावरच्या आजीबाईंकडून ऐकून शिक्षकांनी देवनागरीत उतरवल्या, चित्रं मुलांनी काढली, की शाळेचं स्वतःचं पुस्तक तयार होतं. त्यात मुलाला अक्षरांशी झगडताना भाषेशी झगडावं लागत नाही. २०२२ पासून शाळापूर्व तयारी मेळाव्यांच्या निमित्तानं राज्यात माता पालक गट झाले. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तीही संध्याकाळी मुलाला ‘आज काय वाचलं ते सांग’ म्हणू शकते आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊ शकते. गॉफ आणि टनमर यांच्या गुणाकारातला दुसरा आकडा अशानंच वाढतो.

अलीकडे ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रमात ‘चावडी वाचन’ आलं आहे: मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचं. ज्याला येतं त्याला ते आवडतं. ज्याला येत नाही त्याला गावासमोर उभं करू नये. त्याचं वाचन शिक्षकानं एकट्यानं, शेजारी बसून ऐकावं.

पंचवीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला सात मिनिटं दिली तर एक फेरी तीन तासांत होते. ती जुलैत एकदा, दिवाळीनंतर मुलं परतल्यावर एकदा आणि मार्चमध्ये एकदा झाली तरी वर्षाचं काम भागतं. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, किंवा तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असेल, तर पुढच्या बैठकीत टक्केवारी विचारू नका. जुलैत जी मुलं ‘अक्षर’ या पायरीवर होती ती आज कुठे आहेत, आणि त्यांच्याबरोबर रोज कोण किती वेळ बसतं, एवढं विचारा. आणि घरी आल्यावर आपल्या मुलाला, त्यानं कधीच न पाहिलेलं एखादं पान देऊन, वाचायला सांगा. त्यानं घरच्या बोलीत वाचलं तर दुरुस्त करायला धावू नका. पूर्ण ऐकून घ्या, मग विचारा, ‘यात काय झालं?’